मॅटकर

मॅटकरांच्या हातात फोटो दिला की ते आधी तो उलटा करून त्याची पाठ बघतात. मग खिडकीशी नेतात, आडवा धरून एक डोळा मिटतात, कडेवरून अंगठा फिरवतात, कानाशी नेऊन हलकेच हलवतात आणि म्हणतात, "अडीचशेच्या आतला आहे. आणि प्लास्टिकचा लेप." फोटोत तुमच्या मुलीचं लग्न असतं. ते त्यांना दिसत नाही असं नाही. विचारलंत तर "छान, छान, जोडा शोभतो," असंही म्हणतात. पण अंगठा तोवर पुन्हा कडेवर गेलेला असतो.

त्यांचं खरं आडनाव सोसायटीच्या पाटीवर आहे. मॅटकर हे आम्ही ठेवलेलं. बँकेतून निवृत्त झाले तेव्हा त्यांच्याकडे कॅमेरा होता, यात नवल काही नाही. थंडीत भिगवणला जाऊन बघा, रोहित पक्ष्यांपेक्षा पुण्याच्या लेन्सा जास्त असतात. पण बाकीच्यांचे फोटो फोनवर दोन दिवस फिरतात आणि विरतात. मॅटकरांनी ठरवलं की आपण घरी छापायचं, उत्तम शाईनं छापायचं आणि मॅट फाइन आर्ट कागदावर छापायचं. इथपर्यंत कुणाची काही तक्रार नव्हती. वहिनींचीसुद्धा.

चकचकीत कागदाचा त्यांना मनापासून राग आहे. आपल्या लोकांना चकाकीची चटक लागली ती राजा रविवर्म्यामुळं, असा त्यांचा सिद्धांत आहे. १८९४ साली रविवर्म्याचा छापखाना घाटकोपरला निघाला, तैलचित्रासारखी दिसणारी लक्ष्मी-सरस्वती घरोघर भिंतीवर चढली आणि तेव्हापासून जे चमकत नाही ते आपल्याला स्वस्तातलं वाटतं. यावर त्यांच्याशी कोणी वाद घालत नाही, कारण वाद घातला तर ते कपाट उघडतात.

कपाट दाखवण्यासारखं आहे हे मात्र खरं. वरच्या कप्प्यात कागद, खालच्या कप्प्यात पूर्वी वहिनींची पैठणी असायची. कागदाला ओल चढू नये म्हणून सिलिका जेलच्या पुड्या, आणि वास लागू नये म्हणून डांबराच्या गोळ्यांना बंदी. त्यामुळं पैठणीनं माहेरी मुक्काम हलवला आहे. हानेम्यूलचे कोंबड्याची खूण असलेले खोके, कॅन्सन, जपानचा अवागामी, एकेका जातीचे दोनदोन तावांचे नमुन्याचे संच. मॅटकर फोटो रॅगचा एक ताव अलगद काढतात. शंभर टक्के कापूस, चौरस मीटरला ३०८ ग्रॅम. ए-फोर म्हणजे चौरस मीटरचा सोळावा हिस्सा, तेव्हा एक ताव सव्वाएकोणीस ग्रॅमचा भरायला हवा. भरतो. वहिनींच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर आमच्यासमोर तोलून दाखवला आहे. काट्यावरचं बेसन त्यासाठी खाली उतरवावं लागलं.

"हानेम्यूलची गिरणी कधीची माहितीय? १५८४!" हे वाक्य आलं की वहिनी चहा ठेवायला उठतात, कारण पुढं एकनाथ येणार हे त्यांना ठाऊक असतं. शके १५०६ म्हणजेच १५८४ साली नाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. तिकडं जर्मनीत कागदाची गिरणी उभी राहते आणि इकडं पैठणला नाथमहाराज पाठ तपासताहेत. "कुठल्या कागदावर उतरवली असेल हो?" मॅटकरांचा आवाज इथं खरोखर कातर होतो. नाथांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीच्या किल्ल्यावर, आणि किल्ल्यापासून जवळच कागजीपुरा, हातकागदाचं जुनं गाव. मॅटकरांनी हातकागदावरही छापून बघितलं आहे. त्यावर इंकजेटची शाई धरून ठेवणारा लेप नसतो, ती तंतूंत पसरते आणि काळ्याचा करडा होतो. "नाथांना ही अडचण नव्हती," ते उसासा टाकून म्हणतात.

आता एवढ्यावर माणसाला विक्षिप्त म्हणून मोकळं होता आलं असतं. पंचाईत ही, की मॅटकर बोलतात ते सगळं खरं असतं.

प्रिंटरमध्ये पांढरी शाई नसते. ही गोष्ट त्यांनी सांगेपर्यंत माझ्या कधी डोक्यात आली नव्हती, आणि ऐकल्यावर मी बराच वेळ त्यांच्या पक्षात गेलो. फोटोतल्या वारकऱ्याचं धोतर पांढरं दिसतं ते तिथं शाई पडलेलीच नसते म्हणून. धोतर म्हणजे उघडा कागद. तेव्हा कागद निवडणं म्हणजे वारकऱ्याला धोतर निवडणं. फोटो रॅगचं धोतर किंचित उबदार. ब्राइट व्हाइटचं, नुकतंच लाँड्रीतून आलेलं. नव्वद टक्के बांबू आणि दहा टक्के कापूस असलेल्या कागदावर तेच धोतर पिवळसर होतं, आळंदीला नेसलेलं जेजुरीपर्यंत बदललंच नाही असं. मॅटकरांनी एकच वारकरी एवढ्या कागदांवर छापला आहे की दिंडी पुरी व्हावी.

काळ्याचं दुखणं वेगळं. त्यांचा सगळ्यात चांगला फोटो एका म्हाताऱ्या धनगराचा आहे, खांद्यावर काळी घोंगडी घेतलेला. मॅट कागदावरचा गडदात गडद काळाही अंगावर पडलेल्या उजेडातला अडीच टक्क्यांच्या आसपास उजेड परत फेकतो. चकचकीत बरायटा कागदाचा चांगला काळा अर्धाच टक्का फेकतो. म्हणजे पाचपट काळा. हे आकडे मॅटकर स्वतःच सांगतात आणि स्वतःच खोडून काढतात. "घोंगडी उन्हात एवढी काळी कधी बघितलीत का? धुळीनं करडी झालेली असते ती." मी तो प्रिंट पाहिला आहे. ट्यूबलाइटखाली कुठूनही बघा, त्यावर उजेडाचा डाग येत नाही, आणि लोकरीचा धागान् धागा असा उठून येतो की बोट आपसूक पुढं जातं. आणि नेमकं तेव्हाच मॅटकर ओरडतात. शाई असते वरच्या नाजूक लेपात, नख लागलं की पांढरा ओरखडा. हात लावावासा वाटणं हे ज्या कागदाचं सारं वैभव, त्याला हात लावायचा नाही.

मग टॉर्च. पांढरा रंग जास्त पांढरा दिसावा म्हणून काही कागदांत ऑप्टिकल ब्राइटनर घालतात. ते अतिनील किरण पितं आणि निळसर उजेड टाकतं. पुढं वर्षानुवर्षांच्या उजेडानं ते थकलं की खालचा मूळ पिवळट कागद उघडा पडतो. हे पकडायला मॅटकरांच्या खिशात नोटा तपासायचा अतिनील टॉर्च असतो. हीच रसायनं कपड्यांच्या साबणातही असतात, त्यामुळं तो टॉर्च एकदा बाहेर निघाला की कागदावर थांबत नाही. एका लग्नात त्यांनी आधी आहेराचं पाकीट तपासलं, मग नवरदेवाचा शर्ट, आणि शेजारी उभ्या असलेल्या वधूपित्याला हळूच म्हणाले, "वरवरचा उजळपणा आहे हो, टिकायचा नाही." तो माणूस पंगतीत नीट जेवला नाही.

इतकं असताना मॅटकरांच्या घरात भिंतीवर त्यांचा एकही फोटो नाही. भिंतीवर लावण्याजोग्या छपाईचा हंगामच सापडत नाही. पावसाळ्यात कागद ओल धरतो, कडा उचलल्या जातात आणि प्रिंटरचं हेड त्यांना घासून काळा पट्टा ओढतं. उन्हाळ्यात पंखा लावायचा नाही, कारण धूळ. आणि पंख्याशिवाय घाम, तो कागदावर पडणार. थंडीत भिगवण. अधूनमधून नोझल सुकू नयेत म्हणून तपासणीचं पान काढावं लागतं, रंगीत बारीक रेघांचं, साध्या झेरॉक्सच्या कागदावर. या पानांची चळत आता मोठी झाली आहे. वहिनी तिच्या पाठीवर वाणसामानाच्या याद्या करतात. त्या प्रिंटरचं खरोखर उपयोगी पडलेलं काम तेवढंच, असं त्यांचं मत आहे.

सोसायटीच्या रौप्यमहोत्सवाला सभासदांच्या फोटोंचं प्रदर्शन ठरलं तेव्हा मात्र सुटका नव्हती. महिना जानेवारीचा. मला मदतनीस म्हणून बोलावलं होतं; माझं काम दार लोटून धरणं आणि शिंकायचं नाही. मॅटकरांनी सुती हातमोजे चढवले. करंगळीचं टोक ओलं करून तावाच्या कोपऱ्याला टेकवलं. किंचित चिकटलं, म्हणजे लेपाची बाजू हीच. मऊ ब्रशनं कागद एकाच दिशेनं झाडला. कापसाचा तंतू वर बसलेला असताना छापलं तर शाई तंतूवर पडते, पुढं तंतू गळतो आणि जागा पांढरी राहते. मग पडद्यावर कागदाचं सोंग घेतलेला फोटो बघायचा. त्याचं बटण दाबलं की रंग एकदम मलूल होतात आणि छातीत धस्स होतं, म्हणून दाबताना नजर वळवायची आणि डोळे निवल्यावर बघायचं. ही रीत जाणकारांचीच आहे. वहिनींसकट आम्ही तिघांनीही भिंतीकडं तोंड केलं. "आता वळा," मॅटकर म्हणाले. फोटो मलूलच होता, पण धक्का बसला नाही.

प्रिंटरनं मागच्या फटीतून ताव घेतला, नाकारला, पुन्हा घेतला. धनगर पागोट्याकडून खाली उतरू लागला. पूर्ण बाहेर आल्यावर मॅटकरांनी भिंग लावलं आणि बसकण मारली. घोंगडीत एक पांढरा ठिपका होता. मोहरीएवढाही नाही. ब्रशनं सुटलेला एक तंतू. एका पैच्या चुकीसाठी नाथांनी रात्रभर हिशेब तपासल्याची गोष्ट आपण ऐकतो, ती रात्र घरच्यांनी कशी काढली असेल हे मला त्या दिवशी कळलं.

वहिनींनी वाकून बघितलं. "मेंढीचं काही चिकटलं असेल घोंगडीला," त्या म्हणाल्या. अर्थात दुसरा ताव निघाला.

फ्रेमवाल्याकडं मीही गेलो होतो. मॅटकरांनी तुलनेसाठी सगळ्या कागदांच्या पट्ट्या नेल्या होत्या. फ्रेमवाल्यानं सवयीनं त्यांच्यावर काचेचा तुकडा ठेवला. काचेत दुकानाची ट्यूबलाइट दिसली, मागून जाणारी रिक्षा दिसली, मॅटकर दिसले. "सगळे सारखेच आहेत की काका," तो म्हणाला. आता हे गृहस्थ कोसळणार म्हणून मी स्टूल पुढं सरकवलं. पण मॅटकरांचा चेहरा उजळला होता. "काचेत प्रकार किती?" त्यांनी विचारलं. साधी, खरखरवलेली आणि परावर्तन मारणारा लेप दिलेली. खरखरीत काच फोटोपासून जरा लांब गेली की चित्र धुरकटतं, लेपाची फार महाग. मॅटकरांनी तिन्हींचे नमुने मागून घेतले.

निकाल लागेपर्यंत प्रदर्शनाचा दिवस उजाडला. धनगर काचेविना टांगला गेला आणि शेजारी खुर्ची टाकून मॅटकर राखणीला बसले. बी विंगमधल्या एका चिमुरड्यानं विचारलं, "या आजोबांचं नाव काय?"

"फोटो रॅग," मॅटकर म्हणाले. "तीनशेआठ."

पण दिवसभर ते खूश नव्हते. फोटोमागची भिंत फिकट पिवळी होती आणि तिच्यापुढं कागदाचा पांढरा निळसर वाटत होता. पुढच्याच मीटिंगमध्ये त्यांनी क्लबहाउस रंगवण्याचा ठराव आणला. खर्चाला कधी नव्हे ती सगळ्यांची मान्यता मिळाली. सेक्रेटरींनी वहीत लिहायला घेतलं, "रंग पांढराच ना? मग झालं तर."

मॅटकरांनी खिशातून टॉर्च काढला आणि म्हणाले, "जरा दिवे घालवा कोणीतरी."