कडक इस्त्रीचा मऊ साबण

कपडे धुण्याच्या पावडरीने मळ काढावा, डाग काढावा, वास घालवावा, इथवर कोणाची हरकत नाही. पण हल्ली पावडरी, लिक्विडं आणि कंडिशनरच्या बाटल्या ‘इस्त्री सोपी होईल’ असंही वचन देऊ लागल्या आहेत. किती सोपी आणि कशापेक्षा सोपी, हे मात्र बाटलीवर नसतं. या वचनाची परीक्षा घ्यायची तर विदर्भातल्या आमच्या ब्रह्मपुरीत घ्यावी. मे महिन्यात इथे पारा 45-46 ला सहज टेकतो, कधी 47 सुद्धा गाठतो, आणि दूरच्या नातेवाइकांना गावाची आठवण तापमानाच्या बातम्यांतच येते. शिवाय हा धानाचा मुलूख, म्हणजे खळीसाठी भाताच्या पेजेला तोटा नाही. त्यात शाळा-कॉलेजांचं गाव, त्यामुळे गणवेशांना आणि सदऱ्यांना इस्त्री चुकत नाही. ऊन, खळ आणि इस्त्री ही तिन्ही एकत्र नांदतात तिथे साबणाची थाप फार दिवस टिकत नाही.

आधी सुरकुतीचं पाहू. सुती धागा सेल्युलोजच्या लांबलचक साखळ्यांचा असतो आणि शेजारच्या साखळ्या हायड्रोजन बंधांनी एकमेकींना धरून असतात. पाणी लागलं की हे बंध सुटतात, साखळ्या सरकतात. पाणी उडालं की ज्या अवस्थेत असतील त्याच अवस्थेत पुन्हा घट्ट धरतात. म्हणजे शर्ट उसासारखा पिळून तसाच दोरीवर फेकला, तर तो पिळासकट पक्का होतो. आमच्या उन्हात तर झटकून, शिवणी ओढून सरळ करायला सवडही मिळत नाही. बादलीतला शेवटचा कपडा वाळत घालेपर्यंत पहिला पापड झालेला असतो. इस्त्री हेच गणित उलटं सोडवते: ओलावा आणि उष्णता देऊन बंध सैल करायचे, दाबून साखळ्या सपाट करायच्या आणि तशाच वाळवायच्या. सुती कापडासाठी इस्त्रीचा तळ 200 अंशांपर्यंत तापवतात. माणसं भाजून काढणारं आमचं ऊन शर्टासाठी दीडशे अंशांनी कमी पडतं. आता या सगळ्यात साबण कुठे आहे? तो केव्हाच मोरीतून नालीला लागला.

तरी बाटल्या धादांत खोटं बोलतात असं नाही. कंडिशनरमधले धनभारित रेणू धाग्यावर चिकटतात आणि त्याला तेलकट गुळगुळीतपणा देतात. काहींत सिलिकोनही असतं. धागे एकमेकांवर सहज घसरतात, म्हणून सुरकुत्या थोड्या कमी पडतात आणि इस्त्रीही हलकी सरकते. वाळलेला टॉवेल खरखरीत का होतो, याचा माग जपानच्या होक्काइडो विद्यापीठाने काओ या साबणाच्याच कंपनीबरोबर काढला. 2020 साली त्यांनी सांगितलं की धाग्यांवर उरलेलं किंचित पाणीच त्यांना एकमेकांशी सांधून ठेवतं. कंडिशनर या सांध्यात आडवा येतो. पण धुण्याच्या पावडरीतले रेणू बहुधा ऋणभारित असतात. दोघांना एका बादलीत घातलं तर ते कपडा सोडून एकमेकांनाच धरतात. म्हणूनच कंडिशनर शेवटच्या पाण्यात टाकतात. जी पावडर ‘मीच धुते आणि मीच मऊ करते’ म्हणते, तिला ही भांडणं आपल्या पोटात मिटवावी लागतात, आणि अशा तडजोडीत दोन्ही कामं जरा जराच होतात.

खरी गंमत पुढेच आहे. आपल्याला मऊ शर्ट हवा असतो कुठे? आपल्याला हवी असते कडक इस्त्री. आमच्या या झाडीपट्टीत मंडईच्या, म्हणजे जत्रेच्या, दिवसांत नाटकाला निघालेल्या सदऱ्याची घडी लांबून दिसली पाहिजे. त्यासाठी कपडा पेजेत किंवा दुकानातल्या खळीत बुडवायचा. मग पुढच्या धुण्यात पावडरीतल्या अमायलेजने ती खळ धुऊन काढायची, कारण ते विकर पिष्टच खातं. मग कंडिशनरने मऊ करायचा, आणि पुन्हा कडक करायला खळीत बुडवायचा. तीन बाटल्यांचे पैसे मोजून शर्ट जिथला तिथे.

यावर कोणी म्हणेल, मग बिनइस्त्रीचे शर्ट मिळतात ते काय? मिळतात, पण ती करामत बादलीतली नाही. अमेरिकेत रूथ बेनेरिटो यांच्यासारख्या रसायनतज्ज्ञांनी 1950 च्या दशकात सुती साखळ्यांना रासायनिक पूल बांधून चुरगळणं रोखलं. आजही हे काम गिरणीत साधारण दीडशे अंशांच्या भट्टीत होतं, आणि त्या बदल्यात कापड थोडं कमजोर होतं. चमचाभर पावडर गार पाण्यात हा पराक्रम करत असती, तर गिरणीवाल्यांनी भट्ट्या कशाला पेटवल्या असत्या? दुसरा आक्षेप वॉशिंग मशीनवाल्यांचा: आमच्या मशीनवर सोप्या इस्त्रीचं बटणच आहे. ते बटण बहुधा काय करतं, तर कपडे कमी घ्यायला लावतं आणि शेवटचं गरगर फिरवणं मंदावतं. म्हणजे मशीन बनवणाऱ्यालाही ठाऊक आहे की सुरकुती पिळण्यात असते. आणि ‘आम्हाला फरक जाणवतो’ म्हणणाऱ्यांचा फरक नाकारायचं कारण नाही. फक्त त्यातला सुगंधाचा वाटा वेगळा काढून पाहावा.

इस्त्री खरोखर कशाने सोपी होते ते वरठ्याच्या, म्हणजे परटाच्या, टेबलावर दिसतं. झाकणाला भोकं पाडलेल्या बाटलीने तो कपड्यावर पाणी शिंपडतो, गुंडाळी करून ओल मुरू देतो, मग आधी कॉलर, मग बाह्या, आणि जडशीळ इस्त्री आपल्याच वजनाने काम करते. त्याचे दर नगावर असतात, सुती साडीचे वेगळे, पँटचे वेगळे. कपडा कोणत्या पावडरीत धुतला, हे विचारून त्याने कोणाला रुपयाची सूट दिल्याचं ऐकिवात नाही.