गडग्यावरचा वर्ग

आमचं आवार आणि वहिनींचं आवार यांच्या मध्ये जांभ्या दगडाचा कमरेएवढा गडगा आहे. विरजण, कढीलिंब आणि बातम्या त्यावरूनच ये-जा करतात. परवा चारचा चहा झाला नि वहिनी गडग्याला टेकल्या. टेकण्याची पद्धत बघूनच ओळखलं, माल ताजा आहे.

"माई, ऐकलंत? वरच्या वाडीतले गुरुजी दीड दिवस अटकेत होते."

"अगो बाई! कुठल्या ठाण्यात?"

"ठाण्यात कुठले! घरातच. माडीवरच्या खोलीत, मोबाइलसमोर. व्हिडिओवर खाकीतला कुणी म्हणाला, तुमच्या आधारवर मुंबईत खातं उघडलंय, त्यात काळा पैसा आलाय. कॅमेऱ्यासमोरून उठायचं नाही, घरात सांगायचं नाही. काकूंनी पेज दाराशी नेऊन ठेवली तर खुणेनंच 'जा' म्हणाले. एवढी वर्षं पोरांना बाकावर उभं केलेला माणूस, आणि स्वतः मोबाइलसमोर हाताची घडी!"

"मग सुटले कसे?"

"लाइट गेली. लाइटीबरोबर टॉवर गेला. रेंज गेली तसे खाली आले नि मुकाट्यानं पेज जेवले."

पावसाळ्यात लाइट जाते म्हणून मी आजवर दिलेल्या शिव्यांपैकी निम्म्या त्या क्षणी मागे घेतल्या. गंमत अशी, की 'डिजिटल अटक' असं काही आपल्या कायद्यात नाहीच, हे पंतप्रधानांनी ऑक्टोबर 2024च्या 'मन की बात'मध्ये सांगितलं होतं. आणि गुरुजी ते दर महिन्याला न चुकता ऐकतात. पण ऐकलेलं ऐकण्याच्या जागी, नि समोर खाकी दिसली की पोटात येणारा गोळा त्याच्या जागी.

"तुमच्या वर्गाला बसवा त्यांना," वहिनी म्हणाल्या.

माझा वर्ग म्हणजे बचत गटाच्या अकरा बायका, बुधवारी दुपारी, समाजमंदिरात. 2016मध्ये यूपीआय आलं तेव्हा मी पतसंस्थेत नोकरीला होते, म्हणून गावाच्या लेखी मी मोबाइलमधली तज्ज्ञ. पहिले दोन बुधवार मी कुठलं बटण कशाचं यात घालवले, आणि सगळं पाण्यात गेलं. तिसऱ्या बुधवारी कळलं, की आमच्या बायकांची अडचण बटणांची नव्हेच. त्यांना फोन कापता येत नाही. लाल गोळा कुठे आहे ते ठाऊक आहे. पण समोरचा बोलत असताना ठेवायचा कसा? 'ताई' म्हणाला हो तो!

तेव्हा तालीम घेतली. मी बँकेचा साहेब, बायकांनी मला तोडायचं. पहिलीनं सगळं ऐकून घेतलं, "बरं तर मग, जेवलात का?" असं विचारलं आणि मग कापला. दुसरीनं कापला आणि माझ्याकडे बघून "माई, रागावू नका हं" म्हणाली. पाचव्या बुधवारी कुठे एकीनं शब्दही न बोलता कापला, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. भामट्यांचं भांडवल लोभ आहे असं पेपरात येतं. मला विचाराल तर निम्मं भांडवल आपली भीड आहे.

"हसू नका," मी वहिनींना म्हटलं, "एप्रिलमधलं आठवा."

एप्रिलात वहिनींच्या हापूसला एक गिऱ्हाईक मिळालं होतं. मिलिटरीतला माणूस, पाच पेट्या, भावात घासाघीस नाही. हे शेवटचं ऐकूनच मला शंका यायला हवी होती. पैसे पाठवतो म्हणून त्यानं क्यूआर पाठवला, वहिनींनी तो माझ्याच मोबाइलवरून स्कॅन केला, आणि चष्मा सापडेना म्हणून पुढचं मला वाचायला सांगितलं. पडद्यावर इंग्रजीत स्वच्छ लिहिलं होतं, साडेबारा हजार 'द्या'. खाली पिन मागत होता.

"वहिनी, पैसे येताना पिन लागत नाही. स्कॅनही लागत नाही. कुणी आपल्याला फणस आणून दिला तर कपाटाची किल्ली लागते का?"

"कोयती लागते, माई."

असं असतं. दाखला कितीही जुळवून आणा, वहिनी त्याला दुसऱ्या बाजूनं कापतात. पण त्याच दिवशी आम्ही ॲपची भाषा मराठी करून घेतली, आणि ओटीपीचा नुसता आकडा न बघता आधी मेसेज पुरता वाचायचा असं ठरवलं. हा आकडा कशासाठी, रक्कम किती, ते बहुतेक वेळा त्यातच लिहिलेलं असतं. आपण पोस्टमनकडून पाकीट घ्यावं नि तिकीट तेवढं काढून पत्र फेकून द्यावं, तसं आजवर करत होतो.

वर्गात मी एक रुपया फिरवते. हिनं तिला, तिनं पुढचीला, आणि पिन टाकण्याआधी पडद्यावरचं नाव मोठ्यानं वाचायचं. त्यात भलतीच मजा झाली. चाळीस वर्षं जिला आम्ही एका नावानं हाक मारतो, तिचं बँकेतलं नाव निघालं माहेरचं. "हे नाव कुणाला ठाऊकच नव्हतं," म्हणून ती बाई लाजली, नि मग त्या दिवसाचा तास तिच्या माहेरातच गेला.

खरं नाव कळलं, खरा नंबर मात्र कळेना. 'लाडकी बहीण'ची ई-केवायसी 2025च्या सप्टेंबरात सुरू झाली, ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाइलवर येणार. अकरांतल्या चौघींचा नंबर दुसऱ्याच कुणाचा! एकीचा भाच्याचा, तो नालासोपाऱ्यात रात्रपाळीला. एकीचा कधीच बंद पडलेला. एकीचा तर कधीतरी फॉर्म भरून देणाऱ्या माणसाचाच. घर आपलं, कडी त्याच्या हातात. चौघींना घेऊन आधार केंद्रात गेले, रांगेत उभी राहिले, नंबर बदलून आणले. तोवर व्हॉट्सॲपवर ई-केवायसीच्या नावानं वेगळीच लिंक फिरत होती. पत्त्यात 'गव्ह' होतं, पण मधेच कुठेतरी. तेव्हा शिकवलं, की सुरुवातीच्या जोड-रेघा सोडून पुढच्या पहिल्या तिरप्या रेघेपर्यंतचा पत्ता शेवटून वाचायचा, पाकिटावरच्यासारखा: आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव. शेवटी 'डॉट गव्ह डॉट इन' नसेल तर ते सरकारचं घर मानायचं नाही.

"आणि ती लग्नपत्रिका?" वहिनींनी आठवण केली.

फाइलच्या नावाशेवटी 'एपीके' होतं. पत्रिका नव्हे ती, ॲप होतं. उघडलं की मोबाइलमधले मेसेज भलत्याच्या हाती. एकीनं उघडलंच, आणि 'दे इकडे' म्हणून नातवानं मोबाइल हिसकावून काय काय केलं ते तिला अजून माहीत नाही. मला राग येतो तो या 'दे इकडे'चा. पोरं दोन मिनिटांत काम करून देतात आणि आजी होती तिथेच राहते. वर्गात माझा एकच नियम: मोबाइल जिचा, बोट तिचं. मी हात पाठीमागे बांधून उभी राहते. कधीकधी जीव जातो.

"गुरुजींचे पैसे गेले का हो?"

"थोडे गेले म्हणतात. काकूंनी 1930 लावला."

काकू वर्गातल्याच. सायबर फसवणूक कळवायचा तो नंबर आम्ही प्रत्येकीच्या पिठाच्या डब्यावर चिकटवलाय. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत कळवलं तर अडवता येतात, म्हणून रडणं नंतर. काकूंनी हातातलं कणकेचं भांडं बाजूला ठेवून फोन लावला, असं वहिनी म्हणाल्या. हे ऐकून मला जे वाटलं ते मी गडग्यावर बोलून दाखवलं नाही.

"बरं, नारळ पाडणाऱ्याचे तुम्ही दिलेत ना? माझे निम्मे घ्या, दीडशे." वहिनींनी ब्लाउजमधून मोबाइल काढला. माझं नाव वाचलं, रक्कम वाचली. गेल्या वर्षीपर्यंत या पिन टाकताना एकेक आकडा मोठ्यानं म्हणायच्या. तो मलाच काय, दूधवाल्यालाही पाठ होता. या वेळी त्या थांबल्या.

"माई, तिकडे बघा."

"मी?"

"तुम्हीच."

आणि त्यांनी गडग्याकडे पाठ केली. मी फणसाकडे बघत उभी राहिले.