चिपवाले सर

डिसेंबरात पाचगणीला शाळांच्या सहली येतात, नवी जोडपी येतात आणि चिपवाले सर येतात. ही जात वाढते विद्यापीठात, पण फळ धरलं की भिलारच्या बाजूला स्ट्रॉबेरीच्या मळ्यात उतरते. गळ्यात ओळखपत्र, कानाला मफलर आणि काखेत एक्स्टेन्शन बोर्ड दिसला, की समजावं.

सर चिमटीत धरून चिप दाखवतात. नखाएवढी. वर टिन ऑक्साइडचा थर. तो तापवला आणि पिकल्या फळाच्या वासातली वाफ त्याला लागली, की विजेचा रोध घटतो. म्हणजे यंत्राला वास आला! "उद्या हे खिशात मावणार," सर सांगतात. आज मात्र ते सुमोत मावत नाही. थर तापवायला बॅटरी, वास ओढायला पंप, आकडे टिपायला लॅपटॉप, लॅपटॉपवर दव पडू नये म्हणून छत्री आणि छत्री धरायला पीएचडीचा विद्यार्थी.

सरांचं दैवत लेलंड क्लार्क. १९६२ साली त्यांनी इलेक्ट्रोडला एन्झाइमची जोड देऊन साखर मोजायची वाट दाखवली. आज घरोघरी आजी बोट टोचून पट्टीवर थेंब ठेवते. मधे किती वर्षं गेली, हे सरांना विचारू नये. त्यांच्या प्रकल्पाची मुदत मार्चमध्ये संपते.

प्रयोगशाळेत गुणी असलेली चिप मळ्यात आली की बिथरते. विद्यार्थी सॅनिटायझर चोळून जवळ आला, तर तिच्या मते अख्खा मळा पिकतो. पहाटे धुकं उतरलं, की आलेख फळाला सोडून धुक्याच्याच मागे धावतो. मग विद्यार्थी दिवसभर त्यातून दमटपणा वजा करत बसतो.

मळेवाले मामा बांधावर बसून हे सगळं बघतात. शेवटी विचारतात, "सर, पिकल्यालं आमाला दिसतंय की. रात्री हवा किती वेळ दमट हुती, ते कळंल का ह्यात? बुरशी त्येच्यावरच धरती."

सर विद्यार्थ्याकडे बघतात. विद्यार्थी वजा केलेल्या आकड्यांकडे बघतो.

"कळेल हो मामा. पण नुसत्या दमटपणावर पेपर होत नाही."

"मग डबा ठिवून जावा. तुमचा पेपर हुईस्तवर आमचं पीक तरी निघंल."