केशपीक सल्ला : हंगाम रब्बी

डिसेंबर लागला की आमच्या निफाडचं नाव राज्यभर होतं. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा पाच-सहा अंशांवर उतरला की दुसऱ्या दिवशी आम्ही पेपरात, शेकोटीभोवतीच्या चार कानटोप्यांच्या फोटोसकट. गव्हाला ही थंडी मानवते. द्राक्षवाल्यांची मात्र झोप उडते. मण्यांची फुगवण थांबते, तडे जातात, पांढऱ्या वाणात गुलाबी मणी निघतात. मग त्यांच्या मोबाइलवर सल्ल्यांचा मारा सुरू होतो : पहाटे बागेत शेकोट्या करा, ठिबक चालू ठेवा, घडांना पेपर गुंडाळा.

याच थंडीत उघड्यावर उभ्या असलेल्या आणखी एका पिकाबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढत नाही. ते म्हणजे पुरुषाच्या डोक्यावरचे केस. ही उणीव दूर करण्यासाठी सदर सल्ला प्रसृत करण्यात येत आहे.

सल्लागाराची पात्रता पुढीलप्रमाणे. वय ४६. एकूण क्षेत्र : एक डोके. पैकी लागवडीखाली निम्मे, बाकी पोटखराबा. तुलनेसाठी घरातच एक प्रात्यक्षिक प्लॉट उपलब्ध आहे : आमचे अण्णा, वय ७८. त्यांचं सगळं क्षेत्र आजही पिकाखाली आहे. पांढरं का होईना, पण इतकं दाट की कंगव्याचे दात तुटतात. या माणसाने आयुष्यात केसांसाठी एकही लेख वाचलेला नाही. मी शेकडो वाचलेत. असो.

भूमी पाहणी

हंगामापूर्वी आपल्या क्षेत्राची पाहणी दोन आरशांत करावी, एक पुढे आणि एक मागे. फक्त पुढच्या आरशावर विसंबणारा शेतकरी वर्षानुवर्षे गाफील राहतो. मी राहिलो. चुलतभावाच्या लग्नाचा व्हिडिओ बघताना नवरदेवाच्या पाठीमागे एक टकले गृहस्थ अक्षता टाकताना दिसले. "हे मुलीकडचे का?" म्हणून मी विचारलं. कोणी काही बोललं नाही. मग त्या गृहस्थांच्या अंगातला शर्ट मला ओळखू आला.

डोक्यावर साधारण लाखभर केस असतात आणि रोज पन्नास ते शंभर गळणं हे हिशेबातलंच आहे. तेव्हा कंगव्यात चार केस दिसले म्हणून लगेच पंचनाम्याला कोणाला बोलावू नये. आमच्या घरी पंचनामा बायको करते. ती न्हाणीची जाळी उचलून दाखवते आणि "हे बघा" एवढंच म्हणते. नुकसानभरपाई शून्य.

जाता जाता विरळणीबद्दल. द्राक्षाच्या घडातले काही मणी काढून टाकले की उरलेल्यांना जागा मिळते आणि ते चांगले फुगतात. माझ्या डोक्यावरची विरळणी निसर्गाने विनामजुरी करून दिली. उरलेल्यांची फुगवण मात्र काही झाली नाही.

पाणी व्यवस्थापन

थंडीत केसांचं सर्वांत जास्त नुकसान थंडीने होत नाही, ते न्हाणीत होतं. पहाटे अंग काकडलेलं असतं, बंब रसरसलेला असतो, आणि माणूस कढत पाण्याचा तांब्या थेट डोक्यावर ओततो. त्या क्षणी जो 'हाऽऽ' असा उद्गार निघतो, तो टाळूवरचं नैसर्गिक तेल धुऊन चाललं त्याचा निरोप असतो. आधीच हवा कोरडी, त्यात टाळू कोरडी. मग खाज सुटते आणि माणूस दिवसभर ऑफिसात डोकं खाजवत बसतो. लोकांना वाटतं विचार करतोय.

तेव्हा अंगाला हवं तेवढं ऊन पाणी घ्यावं, डोक्याला कोमट. शाम्पू थंडीत रोज नको, आठवड्यातून दोन-तीनदा पुरे. ज्याची टाळू फार तेलकट आहे त्याने हवं तर एखादं पाणी वाढवावं. ओले केस पंचाने खसाखसा पुसू नयेत. ओला केस ताणला जातो आणि पटकन तुटतो, म्हणून पंचा नुसता दाबून पाणी टिपावं. ओल्या डोक्यावर तसंच हेल्मेट चढवून सातच्या गाडीसाठी स्टेशन गाठायचं असेल, तर मधे सुती रुमाल बांधावा. त्याने सर्दी टळते असा माझा दावा नाही, सर्दी विषाणूने होते. पण हेल्मेटचा वास नक्की टळतो.

अण्णा अंगावर ऊन आणि डोक्यावर कोमट पाणी घेतात. पाणी गरम पडलं तर "डोकं तापतं" हे त्यांचं शास्त्र. कारण साफ चुकीचं, कृती बिनचूक. मला याचाच सगळ्यात जास्त राग येतो.

खत व्यवस्थापन, अर्थात तेल

खोबरेल तेल साधारण २४ अंशांच्या खाली थिजतं. म्हणजे निफाडात नोव्हेंबर ते फेब्रुवारी ते रोज सकाळी दगड असतं. ही गोष्ट आमच्या घरात तीन पिढ्यांना माहीत आहे, तरीही अरुंद तोंडाची बाटली आणायची तीन पिढ्यांची परंपरा आहे. मग तेल काढण्याच्या पद्धती पडतात. पहिली, बाटली बंबाच्या झाकणावर ठेवणे. यात प्लास्टिकची बाटली एकदा बुडाशी मऊ पडून कलंडली होती आणि बंबाजवळची फरशी मकरसंक्रांतीपर्यंत घसरडी होती. दुसरी, वाटीभर गरम पाण्यात बाटली उभी करणे. ही शास्त्रोक्त. तिसरी, चुलीतली काडी तापवून तोंडातून आत खुपसणे. ही बायकोच्या माहेरची पद्धत आहे, त्यामुळे तीवर टिप्पणी नाही.

चौथी पद्धत अण्णांची. ते बाटली अंगणात तुळशीवृंदावनाच्या कठड्यावर ठेवतात आणि गप्प बसतात. नऊला ऊन कठड्यावर येतं. साडेनऊला बाटलीच्या कडेने तेल सुटायला लागतं, मधे पांढरा गोळा तरंगत राहतो. दहाला सगळं पाण्यासारखं स्वच्छ. तोवर ते कोणाला बाटलीला हात लावू देत नाहीत. मी एकदा घाईत उचलली तर म्हणाले, "अरे, उमलू दे ना."

तेलाला उमलू दे. हा माणूस सातवी शिकलाय.

तर मुद्दा. तेलाने केस उगवत नाहीत. हे वाक्य मला कोणीतरी विसाव्या वर्षी सांगायला हवं होतं, तेवढ्या पैशांत एक ठिबक संच झाला असता. तेलाचं खरं काम केसाला बाहेरून जपणं. खोबरेल केसाच्या आत थोडं मुरतं, आणि धुण्याच्या तासभर आधी लावलं तर पाण्याने केस फार फुगत नाही, तुटणं कमी होतं. बास. एवढंच, पण एवढं खरं आहे. टकलावर लावल्याने टक्कल चमकतं, तेही खरं आहे.

कीड व रोग : भुरी

द्राक्षाच्या पानावर पांढरी पावडर दिसली की ती भुरी, हे इथे शेंबडं पोरही सांगेल. काळ्या स्वेटरच्या खांद्यावर पांढरी पावडर दिसली की तिला मात्र आम्ही "थंडीने त्वचा उलते" म्हणून सोडून देतो. नुसती उललेली त्वचा बारीक आणि कोरडी झडते, ती कोमट पाण्याने आणि शाम्पू कमी केल्याने आवरते. पण पापुद्रे मोठे, पिवळसर, चिकट, आणि खाली टाळू लाल व खाजरी असेल तर तो कोंडा. आणि गंमत बघा, कोंड्यातही हात बुरशीचाच असतो. बुरशी वेगळी, पण जातकुळी तीच. टाळूवर राहणारी ही मालासेझिया नावाची बुरशी टाळूच्या तेलावर जगते.

आता विचार करा. भुरी आलेल्या बागेला तुम्ही खत घालाल का? आपण तेच करतो. कोंडा झाला की घरातलं सगळ्यात वडीलधारं माणूस म्हणतं, "तेल थाप." तेल रात्रभर डोक्यावर, वर कानटोपी, आत ऊब. बुरशीला याहून बरं काय पाहिजे! कोंडा असेपर्यंत तेल बंद. मेडिकलमधून केटोकोनॅझोलचा किंवा झिंक पायरिथिऑनचा शाम्पू आणावा, टाळूला चोळून तीन ते पाच मिनिटं तसाच ठेवावा, मग धुवावा. लावल्या लावल्या धुतला तर औषध गटारीला लागतं, डोक्याला नाही. इथे सगळे पुरुष नापास होतात, कारण थंडीत साबण लावून पाच मिनिटं नागवं थांबायला संतपण लागतं. उपाय : डोक्याला शाम्पू लावावा, आणि ती पाच मिनिटं अंगावर ऊन पाणी घेत राहावं.

महिनाभरात फरक नाही पडला तर त्वचेच्या डॉक्टरकडे जावं. कृषी सेवा केंद्रात जाऊ नये.

आच्छादन

कानटोपी ही माणसाचा चेहरा पुसून टाकणारी वस्तू आहे. ती घातल्यावर सरपंच आणि सालदार यांत फरक राहत नाही; लोकशाहीला एवढं दुसऱ्या कशाने साधलेलं नाही. शरीराची निम्मी उष्णता डोक्यातून जाते असं आई सांगायची. ते खरं नाही, डोक्यातून साधारण त्याच्या आकाराच्या मानानेच जाते, दहा टक्क्यांच्या आसपास. पण ज्याचं डोकं मुळात उघडं बोडकं आहे त्याला तो दहा टक्क्यांचा हिशेब फार बोचतो.

लोकरीची टोपी थेट टाळूवर नको, घासून केस तुटतात. आत सुती कापड शिवून घ्यावं. टोपी दर आठवड्याला धुवावी. (अण्णांची टोपी दर होळीला धुतली जाते. पुढे जाऊ.)

वीजपुरवठा

आमच्या शेतीपंपाला वीज रात्रीची मिळते. डोक्याला मात्र भर सकाळी, स्वेटर काढताना, फुकट. कोरड्या हवेत लोकर केसांवर घासली की चटचट आवाज होतो आणि असतील तेवढे केस उभे राहतात. माझे साधारण चाळीस. उपाय : ओला हात फिरवणे, प्लास्टिकऐवजी लाकडी कंगवा वापरणे, किंवा तळहाताला पुसट तेल लावून वरून फिरवणे.

छाटणी

द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी झाली की चार महिन्यांत माल हाताशी येतो. केस महिन्याला जेमतेम सव्वा सेंटिमीटर वाढतात, म्हणजे चार महिन्यांत पाच. तेव्हा थंडीच्या तोंडावर कडेने मशीन मारून घेणाऱ्याने फेब्रुवारीपर्यंत कानांची काळजी स्वतः घ्यावी.

मुख्य अडचण मजुरांची नाही, वारांची आहे. सोमवारी आमच्या चौकातलं सलून बंद. मंगळवारी आणि शनिवारी केस कापायचे नाहीत हे घरात आईच्या वेळेपासून. गुरुवार अण्णांचा. रविवारी तिथे निम्मं निफाड बसलेलं असतं. उरतात बुधवार आणि शुक्रवार, त्यात एखादी अमावास्या. हे सगळं जुळून माणूस खुर्चीत बसतो, कारागीर गळ्याभोवती कापड आवळतो आणि बाटलीतून बर्फासारख्या पाण्याचा फवारा थेट मानेवर मारतो. त्याला आधीच सांगावं, "पाणी जरा गरम करून घे रे." तो दाढीच्या पाण्याचं पातेलं दाखवतो आणि म्हणतो, "तापतंय, साहेब." ते मी गेल्या अकरा हिवाळ्यांत तापलेलं बघितलेलं नाही.

प्रतवारी व पॅकिंग

केसांना लावायचं मेण थंडीत डबीत कडक होतं. ते तंबाखू मळतात तसं तळहातावर मळून पार विरघळू द्यावं आणि मगच लावावं; नाहीतर कपाळावर गोळ्या दिसतात. वाटाण्याएवढंच घ्यावं. एका बाजूचे केस लांबवून दुसऱ्या बाजूला नेण्याची पद्धत वाऱ्याच्या दिवशी वापरू नये. शेकोटीजवळ तर नाहीच नाही.

संजीवके

मिनॉक्सिडिल हे केस येण्याचं औषध डॉक्टरला विचारूनच सुरू करावं. पहिल्या काही आठवड्यांत गळती उलट वाढू शकते; तिला घाबरून मी तिसऱ्या आठवड्यात सोडलं, तुम्ही सोडू नका. चार-सहा महिने धीर धरावा लागतो, आणि बंद केलं की आलेलं परत जातं.

पीक विमा

नाही.

प्रात्यक्षिक प्लॉटला भेट

वेळ सकाळी दहा, स्थळ आमचं अंगण. दोन वर्षांपासून अण्णांचा उजवा खांदा धरलाय, हात कानाच्या वर जात नाही. आई होती तोवर तेल लावायचं काम तिचं होतं. आता माझं. ते पाटावर बसतात, पाठ उन्हाला. मी मागे स्टुलावर. बाटली उमललेली असते.

मी लावत असतो आणि ते फवारणीवर देखरेख केल्यासारखे सांगत असतात. "मागे राहिलं बघ. कडेच्या ओळी सोडू नको. बोटांनी लाव, नखांनी नको." मधेच डोळे मिटतात. मी बोटं थांबवली की लगेच उघडतात. मी म्हटलं, "अण्णा, तेलाने केस येत नसतात, शास्त्रज्ञांनी सांगितलंय." ते म्हणाले, "आले नसतील त्यांना."

झाल्यावर मी हात पुसायला पंचा उचलला.

"पंचाला कशाला?" अण्णा मागे न बघता म्हणाले. "उरलंय ते तुझ्या डोक्याला पूस."

मला कोंडा आहे. वरील कलमानुसार मला तेल बंद आहे. मी दोन्ही हात डोक्यावरून फिरवले.

"चोळ जरा," ते म्हणाले. "नुसतं पुसू नको."