नवसाचं ट्रुथ टेबल

डिस्क्रीट मॅथ्सच्या पुस्तकात अवघड आकडेमोड जवळजवळ नसतेच आणि माणूस नेमका तिथंच फसतो. मी ते पहिल्यांदा चाळलं तेव्हा ठिपके दिसले, रेघा दिसल्या, 'जर' आणि 'तर' दिसलं, खुराड्यात शिरणारी कबुतरं दिसली. म्हटलं, हे तर बालवाडीचं पुस्तक! मग ठाण्याच्या हॉस्टेलवर त्याला सत्रभर हात न लावता दिवाळीच्या सुट्टीत मी ते माझ्या गावी, वावरला, घेऊन आलो. घरी मोबाइलला रेंज फक्त टेकाडावर, म्हणून अभ्यास होणारच, हा माझा सिद्धान्त. सिद्धता 'वाचकांसाठी सोडली आहे', जशी ते पुस्तक माझ्यासाठी सोडतं.

आता जव्हार-मोखाड्याकडे दिवाळी म्हणजे भाताची कापणी, खळ्याचं सारवण आणि रात्री तारपा. घरात ज्याच्या त्याच्या हातात विळा आणि माझ्या हातात पेन्सिल. त्यात आजीनं वाघबारशीला वाघदेवासमोर बोलून टाकलेलं : नातू पास झाला तर कोंबडा देईन. मला आयतंच उदाहरण मिळालं. मी तिला समोर बसवून ट्रुथ टेबल मांडलं. मी पास आणि कोंबडा दिला, तर तिचं बोलणं खरं. मी पास आणि कोंबडा दिला नाही, तर खोटं. मी नापास आणि कोंबडा नाही, तरी खरं. मी नापास आणि कोंबडा दिलाच, तरीही खरं.

"म्हणजे आजी, तू खोटी पडायची भीती आहे ती फक्त मी पास झालो तरच."

आजीनं एकदा माझ्याकडे, एकदा पुस्तकाकडे बघितलं. "मग काळजीच मिटली," म्हणाली आणि सुपाकडे वळली.

दुसऱ्या दिवशी बाबांनी काम सांगितलं : सगळ्या पाड्यांवर जाऊन ये, परवा आपल्याकडे कापणी आहे, माणसं हवीत. माझे डोळे चमकले. हा तर ऑयलर! क्योनिग्सबर्ग शहरात नदीवर सात पूल होते आणि एकही पूल दोनदा न ओलांडता सातही ओलांडता येतात का, असा तिथल्या लोकांचा प्रश्न होता. १७३६ साली ऑयलर या गणितज्ञानं पायाला चिखल न लावता उत्तर दिलं : नाही. जिथं विषम संख्येनं वाटा मिळतात अशी ठिकाणं दोनपेक्षा जास्त असतील, तर अशी फेरी होतच नाही. क्योनिग्सबर्गला तर चारही भूभागांना विषम पूल होते.

मी ओट्यावर कोळशानं पाडे काढले. ठिपक्याला पाडा, रेघेला वाट. ओढ्यावरून जाणारी, बांधावरून जाणारी, शाळेमागची, एकही सोडली नाही. आजी येऊन म्हणाली, "लग्नाचा चौक असा लिहीत नाहीत रे." मी लक्ष दिलं नाही. मोजलं, तर विषम वाटांचे पाडे चार निघाले. पुन्हा मोजलं. चारच! ऊन डोक्यावर आलं तेव्हा मी बाबांना ऐटीत सांगितलं, "हे काम अशक्य आहे. सिद्ध करून दाखवतो."

बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं. "तुला पाड्यांवर जायला सांगितलं होतं," ते म्हणाले, "वाटांचं काय करतोस?"

प्रत्येक वाट एकदा, हा ऑयलरचा प्रश्न. प्रत्येक ठिकाण एकदा, हा हॅमिल्टन या गणितज्ञाचा. त्यानं १८५७ मध्ये वीस टोकांचा एक खेळच काढला होता. ऑयलरच्या प्रश्नाला नुसते ठिपक्यावरचे फाटे मोजले की भागतं. हॅमिल्टनच्या प्रश्नाला अशी सोपी कसोटी अजून कुणाला सापडलेली नाही. सहावीतला माझा चुलतभाऊ मात्र तोवर सगळे पाडे फिरून, निरोप देऊन, कुणाच्या तरी शेतातली काकडी खात ओट्यावर येऊन बसला होता. कुठल्या वाटेनं गेलास विचारलं, तर म्हणाला, "जिथून जाता येतं तिथून."

स्वाभिमान सावरायला मी कापरेकरांकडे वळलो. द. रा. कापरेकर जन्मले शेजारच्या डहाणूत, १९०५ साली, आणि उभा जन्म देवळालीला शाळामास्तर होते. त्यांचा शोध असा : सगळे अंक सारखे नसलेली कुठलीही चार आकडी संख्या घ्या, अंक उतरते लावा, चढते लावा, वजा करा, हेच करत राहा. फार तर सात पायऱ्यांत ६१७४ येतं. मी त्यांचं जन्मसालच घेतलं : ९५१० वजा ०१५९, ९३५१. मग ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि ६१७४. बरोबर सात! मी आनंदानं ओरडलो. मग एसटीच्या तिकिटांवरचे आकडे संपवले, रेशनकार्डावरचे संपवले. हा भाग अभ्यासक्रमात नाही, हे मला माहीत होतं. म्हणूनच तो इतका पक्का झाला.

परीक्षेत प्रश्न आला : झाडूवाल्याला गावातली प्रत्येक गल्ली एकदाच झाडायची आहे, फेरी शक्य आहे का? बाबांचा आवाज कानात घुमला, वाटांचं काय करतोस? मी गल्ल्या सोडल्या आणि सगळे चौक गाठून देणारी सुरेख फेरी काढून दिली. हॅमिल्टननं पाठ थोपटली असती. तपासणाऱ्यानं भोपळा दिला.

केटी लागली, विषय राहिला. निकाल घेऊन घरी आलो, तर चुलीवर कोंबड्याचा रस्सा रटरटत होता. मामा आले होते म्हणून आजीनं तोच कोंबडा कापला होता. नैवेद्य आधी वाघदेवाला, मग मामाला. मी नापास, कोंबडा दिलेला : टेबलाची शेवटची ओळ, म्हणजे आजीचं बोलणं अजूनही खरंच. हे मी तिला सांगायला लागलो, तर तिनं माझ्या ताटलीत नागलीची भाकरी टाकली आणि म्हणाली, "जेव आधी."