पाइप गळाला, पूर नव्हता

रेडिंग, इंग्लंड
रविवार, कुकर लावून

ती. आईस,

'पूर आला का गं?' असं फोनवर तीनदा विचारलंस. पूर नाही, वरच्या न्हाणीतला पाइप गळाला. चकलांब्यात टँकरची वाट बघत वाढलेल्या पोरीच्या घरात छतातून पाणी पडतंय म्हणून काकू हसल्या म्हणे. हसू दे. आधी त्यांच्या म्हशीचं काय झालं ते कळव.

नानांना सांग, सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळायला मी निघालेच होते. पण घर भाड्याचं. इथल्या १९८५ च्या घरमालक-भाडेकरू कायद्याच्या ११ व्या कलमाप्रमाणे नळ, पाइप, बेसिन मालकानंच दुरुस्त करायचे. त्याचा विमा भिंती-छताचा, आपला आपल्या सामानाचा. आणि फुटलेला पाइप? तो सहसा कुणाच्याच विम्यात नाही! म्हैस ज्वारीत शिरली तर ज्वारीचे पैसे घ्या, दावं मात्र तुमचं तुम्ही आणा.

मग विम्यावाल्या बाईचा फोन. पाणी एकदम आलं की हळूहळू झिरपलं? झिरपलं असलं तर पैसे मिळत नाहीत. आणि आमचे हे, खरं बोलण्यात अण्णांच्या वरताण. म्हणाले, "पंधरा दिवसांपूर्वी डाग लिंबाएवढा होता, मग भाकरीएवढा झाला." छत शेवटी एका रात्री धाडकन खाली आलं, हे सांगायला मलाच फोन ओढून घ्यावा लागला. वर नुकसानीतले पहिले २५० पौंड आपणच सोसायचे. पंचवीस हजारांच्या वर गेले! अण्णांनी एवढ्यात विहिरीवरची मोटर बदलली असती.

खाली कपाटात तू पाठवलेल्या खारवड्या होत्या, त्यांचा लगदा झाला. आजीची गोधडीही भिजली. फॉर्मात रकाने: वस्तू, खरेदीची तारीख, किंमत, पावती. 'गोधडी, १' लिहिलं आणि पेन अडलं. बाई म्हणाली, जुन्याच्या बदल्यात नवं पांघरूण मिळेल. मी ती ओळच खोडली.

दोन दिवस ती रेडिएटरवर वाळतेय. ओल्या लुगड्याचा वास घरभर. परवा पहाटे त्या वासानं जाग आली आणि वाटलं, आपण माळवदावर झोपलोय, आता आजी हलवून उठवेल, 'नळ आला गं, घागरी काढ.'

धाकटीच्या सोयरिकीचं अर्धवटच सांगितलंस. पोराला जमीन किती ते नको, पोरगं चार शब्द बोलतं का ते लिही. तिसरी शिट्टी झाली, उठते.

तुझी,
सुमी

ता. क. वाळताना गोधडीची शिवण उसवली, आत हिरव्या खणाचा तुकडा निघाला. कुणाच्या चोळीचा गं?