रात्री दोनचे अण्णा

अण्णांचा 'आज'वर विश्वास नाही. आत्ता जे आहे ते उद्या सकाळी असेलच, अशी हमी ते कुणाला देत नाहीत. काल रात्री दोन वाजता जे होतं ते मात्र जसंच्या तसं काढून द्यायला कधीही तयार. गाव भालकी तालुक्यातलं, नोकरी कलबुर्गीत, काम एका संस्थेच्या मेल सर्व्हरची राखण. साहेबांशी कन्नडात 'आयतु सर', वायरमनशी दखनीत 'हौ' आणि 'नक्को', घरच्या फोनवर मराठी. सर्व्हररूममध्ये एकटे असताना ते कोणत्या भाषेत पुटपुटतात, हे एसीच्या घरघरीमुळे कुणाला कळलेलं नाही.

हा स्वभाव संगणकाने लावलेला नाही, तो वडिलोपार्जित आहे. अण्णांच्या आजोबांची जमीन जागची हलली नाही, राज्यंच हलली. निजामाच्या अमलातला कागद उर्दूत, नंतरचा कन्नडात, भावकीतलं वाटणीपत्र मराठीत. १ नोव्हेंबर १९५६ ला बीदर जिल्ह्याची वाटणी झाली. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले आणि उदगीरला दिलेली आजोबांची बहीण बसल्या जागी परराज्याची झाली. घरात सगळे हळहळले. आजोबांनी तेवढ्यात सगळ्या कागदांच्या नकला करून एक गठ्ठा तिच्या घरी नेऊन ठेवला. दोन्हीकडची सरकारं एकाच दिवशी कागद हरवणार नाहीत, हा त्यांचा हिशोब. "आमच्यात ऑफसाइट कॉपी तवापासून हाय," अण्णा सांगतात.

नावांवरही त्यांचा भरवसा नाही. १ नोव्हेंबर २०१४ ला गुलबर्ग्याचं कलबुर्गी झालं. संस्थेने पाट्या, लेटरहेड, शिक्के सगळं बदललं आणि साहेबांनी सर्व्हरचंही नाव बदलायला सांगितलं. अण्णा म्हणाले, "सर, सरकारला जमलं, आपल्याला नाही जमायचं." एकदा एक्स्चेंज हे मेलचं सॉफ्टवेअर बसवलं की त्या मशीनचं नाव बदलायची मुभा मायक्रोसॉफ्ट देत नाही. त्यामुळे त्या इमारतीत गुलबर्गा एवढ्या एकाच ठिकाणी उरलं होतं, तेही रॅकच्या तिसऱ्या खणात.

नवा पोरगा कामाला लागला की तो हमखास विचारतो, "अण्णा, एवढं काय करायलाव? डेटाबेसची फाइल कॉपी मारायची की." मग अण्णा खुर्ची ओढतात. मेलचा डेटाबेस म्हणजे आडत दुकानातली खतावणी आणि लॉग म्हणजे रोजकीर्द. आलेली प्रत्येक मेल आधी रोजकीर्दीत पडते, सवडीने खतावणीत चढते. रोजकीर्दीचं एक पान एक एमबीचं. ते भरलं की पुढचं. मुनीम लिहीत असताना वही ओढली तर अर्धीच ओळ हाती येते. म्हणून व्हीएसएस नावाची सेवा एक्स्चेंजला क्षणभर लेखणी उचलायला लावते आणि तेवढ्यात स्टोरेज स्नॅपशॉट घेतं. लिहिणं थोपवून धरायला दहा सेकंद मिळतात; तेवढ्यात उरकलं नाही तर सगळं रद्द. स्नॅपशॉट भराभर होतो, कारण तो नक्कल करतच नाही. कुठला ब्लॉक कुठे आहे याची नोंद ठेवतो आणि त्या जुन्या ब्लॉकना धक्का लागू देत नाही. खतावणी एका व्हॉल्यूमवर, रोजकीर्द दुसऱ्या. पण दोघांचा स्नॅपशॉट एकाच क्षणाचा हवा, नाहीतर जमा-खर्च जुळत नाही.

स्नॅपशॉटचं वेळापत्रक भिंतीवर चिकटवलेलं आहे. दिवसा दर चार तासांनी एक, तो दोन दिवस ठेवायचा. रात्री दोनचा चौदा दिवस, रविवारचा आठ आठवडे. त्याहून जास्त ठेवावे तर राखीव जागा भरते. आणि बॅकअप नीट पार पडल्याशिवाय जुने लॉग पुसले जात नाहीत. ते साचून डिस्क भरली की डेटाबेस आपणहून बंद पडतो. हे बहुधा शरणबसवेश्वराच्या जत्रेत होतं, कारण तेव्हा अर्धं ऑफिस रजेवर आणि उरलेलं अर्धं जत्रेचे फोटो एकमेकांना मेलवर पाठवण्यात गर्क.

घरीही तेच. मुलीच्या लग्नाची आमंत्रणयादी रुसव्याफुगव्यांनी इतकी खोडली गेली की कोण येणार आणि कोण येणार नाही हेच कळेना. अण्णा म्हणाले, "मंगळवारची यादी रिस्टोर करू." बायको म्हणाली, "हौ, आणि बुधवारी कशाबशा मानलेल्या आत्याबाई गेल्या की यादीतून!" अण्णांनी मंगळवारची यादी घेतली आणि बुधवारपासूनचे समेट तारीखवार एकेक करून तिच्यावर चढवले. लग्नात एकही पाहुणा सुटला नाही. दोन मात्र दुबार आले.

पाहुण्यांना बीदर दाखवायला नेलं की अण्णा किल्ला घाईने उरकतात आणि महमूद गावानच्या मदरशासमोर तासभर थांबतात. १४७२ ची ती इमारत, इराणी धाटणीच्या निळ्या-हिरव्या फरशांची. आत तीन हजार हस्तलिखितं होती म्हणतात. पुढे औरंगजेबाच्या काळात तिथेच दारूगोळा भरला, वीज पडली आणि स्फोटात मोठा भाग उडाला, असं सांगतात. पाहुणे कमानीखाली फोटो काढत असतात आणि अण्णा हळहळतात, "ग्रंथ आणि दारू एकाच स्टोरेजवर!" ज्या पेटीत डेटाबेस, त्याच पेटीतला स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे, हे ते साहेबांना वर्षानुवर्षं सांगत आलेत. साहेबांना ते पटतं. फक्त बजेटला पटत नाही. म्हणून आठवड्याची प्रत एका डिस्कवर घेऊन अण्णा स्वतः बीदरच्या शाखेतल्या तिजोरीत ठेवून येतात. २०१७ साली बीदर-कलबुर्गी रेल्वे सुरू झाली, तेव्हा अख्ख्या जिल्ह्याला प्रवासाची सोय झाली आणि अण्णांच्या डिस्कचे बसचे धक्के चुकले.

महिन्याच्या पहिल्या शनिवारी ते एक जुना स्नॅपशॉट रिकव्हरी डेटाबेस म्हणून लावून एक मेल उघडून बघतात. न उघडलेली प्रत ही प्रतच नव्हे, हे त्यांचं मत. ते उघडतात स्वतःचीच मेल. पण ऑफिसात समज असा की अण्णा सगळ्यांच्या वाचतात. त्यामुळे शनिवारी त्यांना चहा तीनदा मिळतो.

एका दुपारी चारला लाईट गेली, यूपीएसने मान टाकली आणि मेल बंद. डेटाबेसची अवस्था 'डर्टी शटडाऊन', वर काही पानं खराब. फोनवरच्या इंजिनीअरने सांगितलं, हार्ड रिपेअर मारा. अण्णा म्हणाले, "नक्को. ते न जुळणारी पानं फाडतंय आणि वही जुळली म्हणतंय." त्यांनी आधी त्या मोडक्या डेटाबेसचाच स्नॅपशॉट घेतला. पोरगा चक्रावला. "आणखी मोडलं तर निदान आत्ताएवढं मोडलेलं तरी परत मिळाया पाहिजे." मग दुपारी बाराचा स्नॅपशॉट पुढे आणला, बारा ते चारचे लॉग त्यावर ओळीने चढवले आणि सातच्या आत डेटाबेस उभा केला. एकही मेल गेली नाही.

साहेब खुर्चीमागे उभे होते. म्हणाले, माझाच मेलबॉक्स उघडून दाखवा. उघडला. वरच तीन मेल, न वाचलेल्या, अण्णांच्याच: 'यूपीएसच्या बॅटऱ्या बदलण्याबाबत', 'स्मरणपत्र', 'दुसरे स्मरणपत्र'. साहेबांनी चष्मा पुसला. "सगळंच परत आणायला पाहिजे होतं असं काही नाही," ते म्हणाले.

"आयतु सर," अण्णा म्हणाले.

बॅटऱ्या त्याच आठवड्यात आल्या. त्या तीन मेल साहेबांच्या मेलबॉक्समधून कुठे गेल्या, हे कुणी विचारलं नाही. त्या रात्री दोनच्या स्नॅपशॉटची मुदत नियमाप्रमाणे चौदा दिवस होती. अण्णांनी ती खोडून तिथे 'कायम' असं टाकलं.